पेचकस

गार असते तेव्हा गप्प.
मंठा चौफुलीपर्यंत जाऊन यावं,
इंजिन हाताला सोसेना इतकं तापावं,
आणि मग दारात नुसती उभी करून सोडली की सुरू होतं:
टक्. टक्. मधला एक खाल्लेला. टक्.
वाटीत कुणी एकच चिंचोका हलवावा तसं.

चौदा महिने लागले मला ही येझदी जुळवायला.
स्टील मिलच्या भट्टीत जायच्या ढिगातून काढली,
किलोच्या भावानं, सायलेन्सर सोडून;
सायलेन्सर आधीच कुणी नेले होते.
आयटीआयमध्ये मी टर्नरच्या पोरांना शिकवते
मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे किती.
पोरं हसतात. एवढ्यानं काय होतंय, मॅडम.

क्रमानं गेले.
क्लच दाबला, आवाज तसाच. म्हणजे गिअरबॉक्स नाही.
प्लग बदलला, टायमिंग मागं घेतलं.
पिस्टन काढून उन्हात धरला: नवा, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज,
कडेला कुठंच ओरखडा नाही.
पिनची बुश. प्रायमरी चेन, तिचा ढिलेपणा बोटानं.
मग उजवीकडचं झाकण उघडलं
आणि डायनॅमोच्या एका खांबावर दिसली
चकचकीत रेघ, नखाएवढी.
सापडलं, म्हणून मी एकटीच हसले.
कानशीनं घासलं, फिरवून पाहिलं, आता कुठं लागत नाही.
मंठा चौफुली. परत.
टक्.

जिलानी मिस्त्रींचं दुकान कुंडलिकेच्या पुलापलीकडं.
आधी ते रोलिंग मिलमध्ये होते.
भंगारातला एक सिलिंडर फुटला, कानाचे पडदे गेले.
गिऱ्हाईक काय म्हणतं ते मुंजा खुणांनी सांगतो;
मुंजा अकरावीत आहे, आणि त्याच्या खुणांत
शॉकॲबला कंबर असते, कार्ब्युरेटरला नाक.
माझा आवाज त्यानं असा सांगितला:
चिमटीत काहीतरी धरून, कपाळाशी, तीनदा.

मिस्त्रींनी मला काहीच विचारलं नाही.
लांब पेचकस घेतला, मूठ सदऱ्याला पुसली,
दातांत धरली,
पातं टेकवलं हेडवर. मान हलवली, नाही.
बॅरलवर. नाही.
चेनच्या झाकणावर जरा थांबले.
मग गुडघे टेकून खाली, इंजिनाच्या पोटाशी,
दोन अर्ध्या केसिंगा जुळतात त्या सांध्यावर,
आणि डोळे मिटले.
मुंजानं रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला, जरा बंद कर.
कुणासाठी, ते मला विचारावंसं वाटलं.

बराच वेळ गेला.
"मॅडम," ते म्हणाले, नेहमीसारखं फार मोठ्यानं,
"इसको एक गाडी नक्को समजो. दोन हायत या."

चालत्या इंजिनाखालीच चिंधी फिरवली.
काजळीतून वर आले ठोकलेले आकडे,
डावीकडे ४१७, उजवीकडे ८२.
कुठल्या तरी दोन गाड्या, ढिगात शेजारी पडलेल्या,
आणि त्यांचे अर्धे अर्धे मी एका क्रँकवर आवळले होते.
बेअरिंगची दोन घरं एका रेषेत नाहीत. केसभर.
गार असताना निभतं.
तापलं की जो तो आपल्या जागेकडं ओढतो.
मी सगळं मोजलं होतं हो,
एकेक, वेगवेगळं.

रविवारी आयटीआयचं लेथ उघडून घेईन.
दोन्ही केसिंगा आवळून एकदाच बोअर करायच्या,
मग स्लीव्ह. मुंजा म्हणाला, बघायला येतो.

चावीकडं हात नेला
तर मिस्त्रींनी तळवा वर केला: थांबा.
दोष तर सापडला होता.
तरी ते तसेच बसून, मूठ दातांत,
पातं आता सांध्यावर नव्हतंच,
वर सरकून बॅरलच्या पंखांवर टेकलेलं,
जिथं काही बिघडलं नव्हतं.
मी मुंजाकडं पाहिलं.
त्यानं एक खूण केली, ती मला कळली नाही,
आणि तो तीन चहा सांगायला गेला.
टाकीत फार तर पाव लिटर असेल.
म्हटलं, जळू दे.