गुटी

रुवीत, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत
एसीची नळी बादलीत ठिबकते.
त्या पाण्यात मीठ नसतं.
नळाच्या पाण्यानं कॅलेडियमच्या कडा करपल्या
तेव्हा मी आधी उन्हाला दोष दिला,
मग खताला,
मग ह्यांना, उगीचच.
आता रात्रभरात भरलेली बादली
पहाटे मगानं वाटते:
कोलियसला दोन, अग्लोनिमाला अर्धा,
क्रोटनला विचारून.

क्रोटनला विचारावंच लागतं.
कुंडी वीतभर सरकवली तरी रुसून पानं टाकतो.
वेंगुर्ल्याहून आणला तेव्हा नुसती काडी होती,
ओल्या फडक्यात, टूथब्रशच्या डबीत,
डबीवर मुलाचं नाव आणि ‘इयत्ता पहिली’.
महिनाभर काडी काडीच राहिली.
मी रोज नखानं साल खरवडायचे,
आत हिरवं आहे ना?
हे म्हणाले, अशानं मरेल ते.
बरोबरच होतं. तीन वण अजून आहेत बुंध्यावर.

मे महिन्यात लोखंडी कठडा हाताला चटका देतो.
हिरवी जाळी दुहेरी बांधली,
तर सावलीत झाड सुखानं वाढलं
आणि हिरवं झालं. नुसतं हिरवं,
रस्त्याकडेच्या कुठल्याही झुडपासारखं.
जाळीचा एक पदर काढला. पिवळा आला, मग शेंदरी,
मग शिरांतून तो कुंकवाच्या करंड्यातला लाल.
थोडं भाजून घ्यावं लागतं म्हणे रंगाला.
किती थोडं, ते झाड सांगत नाही.

झुवैनाबाई आल्या त्या भांडायला.
तिसऱ्या मजल्यावर त्यांचा धुतलेला अबाया,
त्यावर माझ्या कुंडीचं गढूळ पाणी.
लिफ्ट बंद, त्यामुळे राग आणखी चढलेला.
मी दार उघडून माफीची वाक्यं हिंदीत जुळवतेय,
तर त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.
चपला काढल्या. थेट गॅलरीत गेल्या.
पान दोन बोटांत धरलं, कापडाचा पोत बघावा तसं,
आणि एक शब्द बोलल्या, जो अरबी नव्हता.

झांझिबारला, आईच्या अंगणाला
ह्याचंच कुंपण होतं.
सात वर्षांच्या होत्या, जहाजावर चढवलं त्यांना.
सामानात काय होतं ते आठवत नाही.
कुंपण आठवतं.

मी म्हणणार होते, हा आमचा, वेंगुर्ल्याचा.
चहाच टाकला.

फांदी त्यांनीच निवडली.
मी बोटाच्या पेराएवढी साल गोल काढली,
चीक आला, ओढणीवर पडला, तो डाग जात नाही.
बरक्याच्या नर्सरीतलं शेवाळ भिजवून पिळून
जखमेभोवती लाडवासारखं वळलं,
वर प्लास्टिक, वर त्यांच्याकडचा काळा दोरा.
मग दर शुक्रवारी, नमाज आटोपून, बाई जिना चढायच्या,
प्रत्येक मजल्यावर थांबत.
पाचव्या शुक्रवारी प्लास्टिकच्या आतून
पांढरी, शेवयांसारखी मुळं.

मुळं आधी, तोडणं मागाहून.
ह्या इमारतीत बाकी कुणाला
हा क्रम जमलेला नाही.

दूध पावडरीच्या डब्यात लावून दिलं,
बुडाला भोकं पाडून, एसीचं पाणी बाटलीत भरून.
तिसऱ्या दिवशी रात्री फोन:
सगळी पानं गळाली, सगळी, ये.
मी अनवाणी खाली उतरले.
फरशीवर लाल पिवळी पानं, त्यांनी झाडली नव्हती.
डब्यात काडी.

नवीन जागा आहे, म्हटलं, रुसलंय.
आणि सवयीनं नख लावलं सालीला.
हिरवं.
झुवैनाबाई चष्मा शोधून आल्या,
मला जरा बाजूला सारलं
आणि स्वतःचं मेंदी लावलेलं नख पुढे केलं.