समुद्र किनारा, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय

पिंपळनेरहून लाटीपाड्याच्या धरणाकडे गेलं
की डांबर संपतं, चाकोरी थेट पाण्यात उतरते.
तिथे झुलाल भोईचं हॉटेल.
पत्र्यावरची अक्षरं माझ्या हातची:
समुद्र किनारा.
खाली बारीक, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय.

स्वतंत्र सोय म्हणजे दोन बांबूंना बांधलेली साडी.
वारा सुटला की आधी तीच उडते
आणि आतली फॅमिली, तोंडात घास धरून,
सगळ्या धरणाला दिसते.

समुद्र मी पाहिलेला नाही.
झुलालनेही नाही, त्याच्या बापाने जाळं टाकलं ते पांझरेत.
पाहिलेला होता येन्सने.
माळमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या करायला आलेला डेन्मार्कचा माणूस,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
खुर्चीसकट पाण्यात बसायचा.
ठेच्याने डोळे गळायचे, नाक लाल,
तरी बोटाने खूण करून अजून मागायचा.

एकदा बिलाच्या पाठीवर त्याने एक आडवी रेघ ओढली.
वर काही नाही, खाली काही नाही.
मग रेघेच्या अलीकडे टेबलं, ओल्या चड्डीतली पोरं,
एक कुत्रं, एक म्हातारी, टोपी धरून.
माझं गाव, म्हणाला. रविवारी सगळे असेच जेवतात.
कोणी कोणाला नीट बस म्हणत नाही.

झुलालने तो कागद माझ्यापुढे धरला,
हाई काढ बोर्डवर.
मी येन्सला विचारलं, रंग कोणता?
त्याने माझे डबे पाहिले, निळ्यावरून बोट पुढे नेलं,
शाळेच्या फळ्याचा उरलेला काळा
आणि चुन्यासारखा पांढरा, दोन्ही एकत्र, असं दाखवलं.
मी राखाडी समुद्र काढला.
एवढं पाणी, आणि रंग पवनचक्कीच्या पात्यासारखा.

झुलाल कमरेवर हात ठेवून बघत राहिला.
'राखोडी समिंदर देखाले कोन येई भो?
निळा मार. पैसा निळाना देस.'
मग मी वरून निळा मारला. दोन हात.
येन्स काही बोलला नाही, हसला,
आणि पुढच्या उन्हाळ्याआधी त्याच्या देशी गेला.

आज आम्ही चौघं.
कोकिळाने मरळ मागवली, काळ्या मसाल्यातली,
मी शेवभाजी, कारण शनिवार,
आणि बोर्ड माझा असला तरी वार वार असतो.
धाकटीच्या ताटात काटे काढून देताना
कोकिळा स्वतःच्या ताटाला हात लावत नाही.
'कितला काटा शेतस यामा!' धाकटी ओरडते
आणि एक घास हळूच टेबलाखालच्या कुत्र्याला.
थोरला ट्रॅक्टरच्या टायरचा झोका सोडून येतो,
भिजलेला, चिखलाने गुडघे भरलेले.
'पप्पा, समुद्र यान्हापेक्षा मोठा ऱ्हास का?'

मी समोर बघतो.
पलीकडे काठ दिसतो, काठावर म्हशी,
त्यामागे डोंगर, डोंगरामागे कुठेतरी फिरणारी पाती.
रेघ ओढायची म्हटलं तर जागाच नाही.
'ऱ्हास,' मी म्हणतो. 'पण आठे जेवाले चांगलं.'
त्याला ते पटत नाही. मलाही नाही.
खुर्चीचा एक पाय गाळात रुतलाय,
सगळं जेवण मी तिरका बसून जेवलो.

झुलाल कागदावर बिल मांडतो, मासा, भाकरी, दोन थंडा,
शेवभाजीवर काट मारतो, पेंटरचे घेत नाही.
मी बोर्डाकडे बोट करतो.
दहा पावसाळ्यांनी निळ्याचे पापुद्रे सुटलेत,
खालून राखाडी उघडं पडत चाललंय,
म्हातारीच्या टोपीपासून सुरू होऊन
जवळजवळ रेघेपर्यंत.

'मारी देऊ का परत?'
झुलाल हात पुसत खूप वेळ बघतो,
जसा कोणी उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघतो.
'राहू दे,' म्हणतो.
'येवाले लागना तो. येऊ दे.'

वारा सुटतो. साडी उडते.
कोकिळा, हाताला मसाला तसाच,
आता कुठे पहिला घास घेते.