पंचावन्न अंश

वर्ष झालं, म्हणून बोलावलं होतं.
डॉक्टरांनी बोटावर कोनमापक ठेवला,
नातवाच्या कंपासपेटीतला असतो तसलाच.
"वळवा, अंबुबाई. अजून. अजून थोडं."
मधलं बोट पंचावन्न अंशांवर जाऊन अडलं,
त्याच्या शेजारचं चाळिसावर.
त्यांनी लिहून घेतलं. खूश दिसले.
ते खूश म्हणून मीही.

मग दुसरा कागद.
दुखणं दहापैकी किती?
ऑपरेशनाआधी आठ सांगितलं होतं, तेही लाजून,
नऊ म्हटलं असतं तर वाटलं असतं, बाई नाटकं करते.
तेव्हा रात्री भिंतीला बोटं टेकवून झोपायचे,
भिंत गार असते ना ओ.
आता एक.
गड्ड्याच्या थंडीत दोन, पण ते थंडीचं, तुमचं नाही.
शून्य का नाही, तर
शून्य कसं असतं ते मला आठवत नाही.

बरणीचं झाकण उघडता येतं का?
चटणीच्या बरणीचं येतं. लोणच्याचं सून उघडते.
भरलेली बादली?
अर्धी. दोनदा.
कडक भाकरी मोडता येते का, हे कागदात नव्हतं,
मीच सांगितलं. येते.
फक्त मोडताना टक् होतं ते भाकरीचं की माझं,
घरात कुणालाच ठरवता येत नाही.

विडीचंही त्यात नव्हतं.
पस्तीस वर्षं, रोजच्या हजार धरा.
मांडीवर सूप, सुपात ओलं पान,
चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड मिटलं.
चौथ्या महिन्यात कुणाला न सांगता
एक करून बघितली.
झाली.
पण पोटात सैल, अन् तोंड उघडं.
चेकरनं ती न बघताच छाटात टाकली असती,
त्याचा हात मी ओळखते.
मीच टाकली.
मग उचलून कुंकवाच्या डबीमागं ठेवली.

सादिया मॅडम शंभर शेंगदाणे मोजून द्यायच्या,
या वाटीतून त्या वाटीत, चिमटीनं, एकेक.
आधी सहा आठवडे पट्टी, पुढं तीन महिने शेंगदाणे.
नव्वदाच्या पुढं डोकं फिरायचं.
एकदा शेवटचे दहा खाऊनच टाकले.
म्हणाल्या, हाही व्यायामच, पण उद्या नको.

एक्स-रे बघताना डॉक्टर जरा गप्प झाले.
शेजारच्या बोटातल्या सिलिकॉनच्या सांध्याला
केसाएवढी चीर दिसते म्हणाले.
"दुखतंय?"
नाही.
"मग राहू दे. बोट चालतंय तोवर आपण हात लावायचा नाही."

सिटी बसमध्ये तेच डोक्यात.
आमच्या यांच्या मागावर बाण्याचा धागा तुटला
की माग आपोआप थांबायचा, तिथं एक काटा असायचा.
इथं आत तुटलंय, अन् वर
मी दांड्याला धरून उभी आहे,
कंडक्टरला सुटे पैसे मोजून देते.

अशोक चौकात नरसूबाई भेटली.
"काय ओ, कुठून आलाव? बरं झालं का बोट?"
तिचं सूप बगलेत, तिच्या पेरांना
माझ्या जुन्या पेरांसारख्याच गाठी.
मी म्हटलं, दुखत नाही. वळतं थोडं. विडी होत नाही.
तिनं तिन्ही ऐकलं, धरून ठेवलं शेवटचं.
"विडी होत नाही?"
नाही.
"मग नको बाई," म्हणाली,
रस्ता ओलांडला,
दुभाजकावर थांबली, वळून ओरडली,
रिक्षांच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं:
"किती दिवस म्हणालीस, शेंगदाणे?"