टीप

आधी शब्दाचं सांगतो.
नागमणी टॉवेलच्या काठाला टीप मारते,
डझनाला साडेचार रुपये, दोरा तिचा.
मी नव्या पेठेत, मल्लिनाथ अण्णांच्या खानावळीत,
बडीशेपेच्या बशीत टीप शोधतो.
एका घरात दोन टिपा.
आई म्हणते, विडीला तसलं काही नसतं बाबा,
हजार वळल्या की हजार,
त्यातल्याही मूठभर छाट म्हणून फेकतात.

पगार अकरा हजार.
दोन जेवणं, कांदा पाहिजे तेवढा.
सुट्टी मागितली तर मिळते, त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत.
पूर्वी बशीत चिल्लर पडायची.
पाठमोरा असलो तरी कळायचं:
पाचाचं नाणं जाड बोलतं, दोनाचं लाजतं.
एक मास्तर यायचे गुरुवारी. शेंगाभाजी, कडक भाकरी.
सात रुपये उरले तर म्हणायचे, राहू दे रे,
आणि दाराशी वळून बघायचे, उचलले का.
आता गल्ल्यावर चौकोनी कोड उभा आहे.
त्यातली बाई मोठ्यानं आकडा सांगते,
पैन् पै अण्णांच्या खात्यात.
बशीत नुसती शेप. साखर मुंग्यांना.

काल हलकुडे शेठ बँकॉकहून आलेले.
रंगाच्या कंपनीनं डीलर लोकांना नेलं होतं.
टेबल सहा, पाच माणसं, मी जग घेऊन उभा.
तिथं म्हणे बॅग उचलली की पोरगं हात जोडतं,
असं, नाकापर्यंत.
त्याला वीस बाट द्यायचे.
अंथरूण घालणारीला वीस, उशीखाली ठेवायचे,
ती सकाळी नेते.
आणि मजुरी? कुणीतरी विचारलं.
तीनशेसाठ-सत्तर बाट दिवसाला, गाइड सांगत होता.
मी मनात भाग दिला. अकरा हजार, भागिले तीस.
तीनशे सहासष्ट.
जुळला की आकडा!
मग शेठ म्हणाले, एक बाट म्हणजे आपले पावणेतीन रुपये.
मी ग्लास भरत राहिलो, भरलेलाच.

मोबाईलवर फोटो निघाला:
पलंगावर पांढऱ्या टॉवेलचा हत्ती, सोंड वर.
सगळे हसले. मी वाकून बघितलं.
हत्तीच्या कानाला टीप होती, दुहेरी, सरळ.
सोलापूरची असेल, नसेल.
जगात टॉवेल काय थोडे आहेत?
पण काठ दिसला की माझा डोळा तिथंच जातो.

नऊशे चाळीस रुपये प्राप्त झाले, बाई म्हणाली.
शेठ उठले. खिसा चाचपला.
बशीत एक हिरवी नोट, घडी घातलेली.
"घे, आठवण."
कुठला तरी राजा. अक्षर वेलबुट्टीसारखं.
मी हात जोडले.
नाकापर्यंत गेले का, आठवत नाही.

पानपट्टीवर इब्राहिमनं ती दिव्याला धरली.
"ह्यात काडेपेटीबी येत नाही बे."
अक्कलकोट रोडनं सायकल मारत
साडेबाराला नीलमनगर.
मशीन चालूच होती. सकाळी टेम्पो येणार, चाळीस डझन.
नागमणीनं नोट घेतली,
सवयीनं आधी कड तपासली.
"चालते?"
"इथं नाही."
"मग?"
"उशीखाली ठेवतात म्हणे. अंथरूण घालणारीसाठी."
ती हसली नाही. दोरा दातानं तोडला.
"ठेव की मग."

उठलो तेव्हा टेम्पो येऊन गेला होता.
अंथरुणं घडी घालून कोपऱ्यात,
माझी उशी सगळ्यांत वर.
खाली नोट नव्हती.
आई दाराशी पानं मोजत बसलेली, ओकटि, रेंडु, मूडु.
मी काही विचारलं नाही.