साडेसहाचे दहा पॉइंट

व्हायव्हात सरांनी विचारलं, प्रेरणेचे प्रकार किती?
मी म्हणालो, दोन.
पुस्तकात दोनच होते.
थोपट्यांचं नाव ओठावर आलं होतं,
पण ते सिलॅबसमध्ये नव्हते.

चाकणला, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला,
शाफ्ट घासून गुळगुळीत करणारी एक शेड.
तिथे दोन महिने मी इंटर्न.
गळ्यात तात्पुरतं कार्ड,
पायात उसने सेफ्टी शूज, एका नंबरानं मोठे.
फटक फटक वाजायचे,
लांबूनच कळायचं, आला मॅनेजमेंटवाला.

थोपटे ग्राइंडिंगला.
पाळी सातची, माणूस साडेसहाला हजर.
राजगुरुनगरहून लुनावर, कानाला मफलर.
आधी आपलं मशीन नुसतंच फिरत ठेवायचे,
मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं.
म्हणायचे, गार असलं की पहिले दहा नग
चार-चार मायक्रॉन खोटं बोलतात.
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
कुणाच्या लक्षातही नव्हतं.

माझ्या आलं.

मी एक्सेलमध्ये रकाना पाडला,
त्याला पिवळा रंग दिला.
बोकील मॅडम म्हणाल्या, वा, याची स्कीम करू.
साडेसहाला पंच केलं की दहा पॉइंट,
शंभर पॉइंटांना पाचशेचं कूपन.
नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं,
बारीक अक्षरात, पण लागलं.

दुसऱ्या आठवड्यात साडेसहाला गेटवर रांग.
पंच करायचा, चहा घ्यायचा,
क्रिकेट बोलायचं, सातला आत जायचं.
मशिनं गारच.
पॉइंट पंचिंगला होते,
मशीन तापवायला नव्हते.
आणि थोपटे सहा पंचावन्नला.

कँटीनमध्ये समोर बसलो.
ते पोह्यातली मिरची ताटाच्या कडेला लावत होते,
एकेक, नग मोजावेत तशी.
काका, आता तर पैसे मिळतायत, मग?
म्हणाले, तेच ना.
अर्ध्या तासाचे पन्नास रुपये? नाही परवडत.
फुकट होतं तोवर परवडत होतं.

मोशीला परतताना बसमध्ये हसू आलं, मग गेलं.
आमच्या मेसच्या काकू
दोन दिवस आधी सांगितलं तर खाड्याचे पैसे वळते करतात.
तेव्हापासून किती जणांच्या मावश्या वारल्या!
कॉलेजात तासाला प्रश्न विचारला की अर्धा मार्क,
म्हणून आम्ही रविवारीच प्रश्न वाटून घेतो,
उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.
मी स्वतः कशाला आलो होतो चाकणला?
सर्टिफिकेटला.
खोटं कशाला बोलू.
पण शाफ्टवरून बोट फिरवताना
एकदा काहीतरी झालं होतं,
त्याचा रकाना मला पाडता आला नाही.

रिपोर्ट चाळीस पानी.
आप्पा बळवंतला स्पायरल करून घेतला.
निष्कर्षात लिहिलं:
योजनेच्या निकषांत सुधारणेस वाव आहे.
ए ग्रेड मिळाली.

स्कीम महिन्याभरात बंद झाली होती.
साडेसहाची रांग गेली,
थोपटेही सातलाच यायला लागले.
मोडलेलं ते आपोआप जुळत नाही,
हे मला कुठल्या प्रकरणात घालायचं कळेना.

शेवटच्या दिवशी बूट द्यायला लवकर गेलो.
सातला दहा कमी. शेडमध्ये कुणी दिसत नव्हतं.
तिसरं मशीन बंद होतं.
पण स्पिंडलच्या कव्हरला सहज हात लागला
तर कोमट.

कुणी, ते विचारलं नाही.
लिहूनही घेतलं नाही.
स्टोअरमध्ये बूट परत केले, रजिस्टरवर सही केली.
नंबर नऊ, एक जोड, वापरलेला.