बाराव्या पानावरचा डाग

भरिताची एक रात्र मी चौदा पानांत काढली होती.
बामणोदची हिरवी वांगी, तुरखाट्यांचा जाळ,
केळीच्या बागेत पंगत,
आणि ऐन ठेचायच्या वेळी बडजीतलं मुसळ गायब.
कोणी नेलं? शोधा, मुलांनो.
उत्तर शेवटच्या पानावर, उलटं छापलेलं,
मुंगीएवढ्या अक्षरात.

त्याआधी मी भुसावळला पाट्या रंगवायचो.
'येथे पंक्चर काढून मिळेल.' 'उधारी बंद.'
पाटीवर काही लपवायची सोय नसते,
म्हणून पुस्तकात जीव तोडून लपवलं:
विहिरीच्या पाण्यात पडलेला कंदील,
पानागणिक एकेक कमी होणारी मिरची,
दर वेळी भलतीकडे बघणारं घुबड,
आणि रखवालदाराची सावली,
एका मुसळाएवढी जास्त लांब.

चोर रखवालदार.
फार विचार करून ठरवलं असं नाही.
दुसरा कोणी सुचलाच नाही.

माघात एक पाकीट आलं,
चोपडा तालुका, वैजापूर, आश्रमशाळा.
आत वहीचं दुरेघी पान:

'चित्रवाले सर, तुमचा चोर चुकला आहे.
पान दोनवर रखवालदाराच्या हातात काठी आहे.
पुढच्या पानांवर तुम्ही ती काढायला विसरले.
सावली विसरली नाही.
माझे वडील पण रखवालदार आहेत, रावेरकडे, केळीत.
ते रात्री काठी खाली ठेवत नाहीत. डुकरं येतात.
मुसळ पाटलांच्या भाच्याने नेलं.
पान बारा बघा. बाहीला काजळी आहे.
रायली पावरा, इयत्ता चौथी.
घुबड सापडलं. मिरच्या पण.'

मी माझी प्रत काढली. पान बारा.
भाच्याची बाही फुटलेल्या बोंडासारखी पांढरी.
भिंग लावलं. उन्हात नेलं.
काही नाही.

मग एसटीने गेलो.
पुस्तक कपाटाच्या कडीला सुतळीने बांधलेलं,
चाळीस मुलांच्या बोटांनी कोपरे मऊ पडलेले.
रायलीने न विचारता बारावं पान उघडलं
आणि डागाच्या शेजारी नख टेकवलं.
डागावर नाही. पुसला जाईल म्हणून.

डाग होता. मसुराएवढा, किंचित चकाकणारा.
काजळी चकाकत नाही.

जळगावचा छापखानेवाला फोनवर हसला,
'शाई उडली असंन, दोन हजारातल्या एकाले.
इतलं बारीक कोन पाह्यतं, दादा?'

ती शाई आहे, हे मी तिला सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
ती एवढंच म्हणाली,
'आता त्याला सोडून द्या.'
मला वाटलं भाच्याला.
परतीच्या गाडीत, अडावद मागे पडल्यावर, कळलं
ती रखवालदाराबद्दल बोलत होती.

माळ्यावर तीनशे बारा प्रती पडून होत्या.
खाली उतरवल्या, धूळ झटकली,
सगळ्यात बारीक ब्रश घेतला
आणि पान बारा, बाही, एक ठिपका,
पान बारा, बाही, एक ठिपका.
पान दोनवरची काठी
तीनवर, चारवर, पाचवर, प्रत्येक पानावर
पुन्हा त्याच्या हातात दिली.
शेवटच्या पानावरच्या उत्तरावर
खळीने कोरा कागद चिकटवला.
अकरा रात्री लागल्या.
बायको म्हणाली, पाट्या बऱ्या होत्या.

दोनशेव्या प्रतीच्या आसपास कधीतरी
डुलकी लागली, हात हलला,
आणि ठिपका पडला चंद्रावर.
पुसायला फडकं घेतलं, मग ठेवून दिलं.
ती प्रत कुठल्या शाळेत गेली, माहीत नाही.
पत्राची वाट बघतोय.