आडनाव आधी

दर मंगळवारी ऑर्विल टॅकेट ग्रंथालयात येतो,
टोपी काढून मांडीवर ठेवतो,
म्हणतो, "बघ गं, आहे का अजून."

शेरीफच्या यादीत आडनाव आधी टाकायचं.
टॅकेट अकरा निघतात. या खोऱ्यात
कुठलाही दगड उचलावा, खाली एक टॅकेट.
चेक न वटलेली रोवीना, कुंपण तोडणारा तिचा दीर,
मग सातवा, डेल्मर:
गाडीचा मागचा दिवा फुटका, तारखेला गैरहजर,
दोनशे बारा डॉलर. पकड वॉरंट चालू.

"आहे," मी म्हणते.
म्हातारा खुर्चीत सैल होतो.
चार वर्षांत ना फोन, ना नाताळचं कार्ड;
एका सरकारलाच काय ते वाटतं
की पोरगा कुठेतरी आहे, सापडेल.
दहा सेंट मोजून तो पान छापून घेतो,
घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवतो.

आज टॅकेट दहाच.
एका टी-नं टाकून पाहिलं. जन्मसालावरून पाहिलं.
वॉरंट उतरतं दोन कारणांनी,
म्हणजे मला ठाऊक असलेली दोन.
कोर्टाची खिडकी नऊला उघडते.

ऑर्विल टोपीची कड फिरवतोय.
"मशीन हळू चाललंय आज,"
मी म्हणते,
आणि पुन्हा आडनावापासून.